हेमिंग्वेची पहिली पंचवीस-तीस वर्षं आणि जागतिक घडामोडी : समांतर तक्ता कसा आखावा?

पानउलट्या (धागाकर्ता)

वाचनकट्ट्यासाठी अर्नेस्ट हेमिंग्वेच्या सुरुवातीच्या आयुष्याचा तक्ता करायचा आहे. पु.लं.चं 'एका कोळियाने' बहुतेकांनी वाचलेलं असतं, पण त्याचं मूळ पुस्तक, 'द ओल्ड मॅन अँड द सी', हेमिंग्वेच्या पन्नाशीनंतरचं. त्याआधीचा, घडत असलेला हेमिंग्वे दाखवायचा आहे. कागद ए-वन आकाराचा, म्हणजे आडवा ८४ सें.मी. डावीकडे त्याचं आयुष्य, उजवीकडे जग. कच्चा आराखडा असा:

१८९९ – शिकागोजवळ ओक पार्कला जन्म / बोअर युद्ध
१९१४ – शाळेत / पहिलं महायुद्ध सुरू
१९१७ – डोळ्यातल्या दोषामुळे सक्तीच्या भरतीतून सुटला, मग इटालियन सैन्यात दाखल / अमेरिका युद्धात, कापोरेत्तोची माघार
१९१८ – आघाडीवर जखमी, वय १९ / युद्ध संपलं
१९२१ – लग्न, पॅरिसला मुक्काम / –
१९२२ – पंतप्रधान मुसोलिनीची मुलाखत, स्मर्नाची (आजचं इझमीर) आग पाहिली / ग्रीक-तुर्की युद्ध
१९२६ – पहिली कादंबरी 'द सन ऑल्सो राइझेस' / –
१९२९ – 'अ फेअरवेल टू आर्म्स' / वॉल स्ट्रीट कोसळला

दोन अडचणी आहेत. एक, दोन्ही रकाने नुसते शेजारी राहतात, संबंध काहीच दिसत नाही. दोन, वेगवेगळ्या पुस्तकांत तारखा वेगवेगळ्या सापडतात. चुका असतील तर बिनधास्त सांगा.

---

नकाशेवाला

चुका आहेत, आणि बहुतेक सगळ्या एकाच जातीच्या आहेत: कादंबरीतली माणसं जे करतात ते हेमिंग्वेच्या नावावर चढलंय.

१९१७ पासून धरू. अमेरिकेने ६ एप्रिल १९१७ ला जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. सक्तीच्या नोंदणीचा कायदा १८ मेचा, पहिली नोंदणी ५ जूनला, आणि ती २१ ते ३० वयाच्या पुरुषांसाठी. हेमिंग्वेचा जन्म २१ जुलै १८९९ चा. त्या जूनमध्ये तो शाळा संपवत होता, अठराही पूर्ण नव्हते. वयाची खालची मर्यादा १८ वर आली ती थेट सप्टेंबर १९१८ च्या नोंदणीत, तोवर तो जखमी होऊन मिलानच्या इस्पितळात पडलेला. म्हणजे 'डोळ्यामुळे सक्तीच्या भरतीतून सुटला' हे वाक्य उभंच राहत नाही. डावा डोळा कमजोर होता हे खरं, पण तो स्वखुशीने सैन्यात जाण्याच्या आड आला. सक्ती त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

आता कापोरेत्तो. ऑस्ट्रिया-जर्मनीचा हल्ला २४ ऑक्टोबर १९१७ चा. त्याच महिन्यात हेमिंग्वे 'कॅन्सस सिटी स्टार'मध्ये शिकाऊ बातमीदार म्हणून लागला होता, आठवड्याला १५ डॉलरवर. इटालियन फौज पावसात पियावे नदीपर्यंत मागे हटत होती तेव्हा हा मिझुरीत, म्हणजे कॅन्सस सिटीतच, पोलीस ठाणं, रेल्वे स्टेशन आणि सरकारी इस्पितळ अशा फेऱ्या मारत होता. 'अ फेअरवेल टू आर्म्स'मधली माघार इतकी अस्सल वाटते की बऱ्याच जणांना तो तिथे असणारच असं वाटतं. ती उभी केली आहे नकाशे, युद्धाचे छापील इतिहास आणि इस्पितळात इटालियन सैनिकांकडून ऐकलेल्या गोष्टींवर. मायकेल रेनल्ड्सने १९७६ च्या 'हेमिंग्वेज फर्स्ट वॉर'मध्ये हे बारकाईने दाखवलंय. कादंबरी ज्या वसंतात संपते तो १९१८ चा, आणि हेमिंग्वे इटलीत उतरला त्याच वर्षीच्या जूनमध्ये. पुस्तकातलं युद्ध संपल्यावर लेखकाचं सुरू होतं.

'इटालियन सैन्यात दाखल' हेही खोडा. तो अमेरिकन रेड क्रॉसच्या रुग्णवाहिका पथकात होता, मानद सेकंड लेफ्टनंट. गणवेश असल्यामुळे फोटोत सैनिक दिसतो आणि गोंधळ होतो. क्रम असा लावा:

एप्रिल १९१८ अखेर – कॅन्सस सिटीची नोकरी सोडली. एकूण सहा-साडेसहा महिनेच होती.
मेचा शेवटचा आठवडा – न्यूयॉर्कहून 'शिकागो' जहाजाने बोर्दो, तिथून पॅरिस. शहरावर लांब पल्ल्याच्या जर्मन तोफेचे गोळे पडत होते. हिला 'बिग बर्था' लिहू नका. ती वेगळी, आखूड नळीची तोफ. ही 'पॅरिस गन'.
७ जून – मिलानजवळ बोल्लाते इथे दारूगोळ्याच्या कारखान्यात स्फोट. मेलेल्यांत बहुतेक बायका. नुकत्याच आलेल्या रेड क्रॉसच्या पोरांना प्रेतं गोळा करायला धाडलं.
जून – स्कियो गावी रुग्णवाहिका पथक क्रमांक ४. आघाडीचा हा भाग शांत, म्हणून कंटाळून त्याने पियावेकाठच्या फिरत्या कँटीनचं काम मागून घेतलं.
१५ ते २३ जून – ऑस्ट्रियाचा पियावेवरचा शेवटचा मोठा हल्ला. फसला.
८ जुलै, मध्यरात्रीच्या सुमारास – फोस्साल्ता दी पियावे. खंदकात चॉकलेट आणि सिगारेटी वाटताना ऑस्ट्रियन उखळी तोफेचा गोळा पडला.

वय इथे १९ नव्हे, १८. एकोणिसावा वाढदिवस तेरा दिवसांवर होता. घरच्या पत्रात त्याने २२७ जखमा सांगितल्या, हा आकडा त्याचाच आहे हे तक्त्यावर दिसू द्या. जखमी साथीदाराला खांद्यावर घेऊन चालत गेला, ही गोष्ट सांगताना वाढत गेलेली. इटलीच्या रौप्यपदकाच्या मानपत्रात एवढंच आहे की जास्त जखमी असलेल्या इटालियनांना आधी मदत केली आणि मगच स्वतःला हलवू दिलं. तेवढंच लिहा, तेही काही कमी नाही.

---

पानउलट्या

बोल्लातेचं माहीत नव्हतं. पण ते त्याच्या कुठल्या लेखनात आलंय का? नाहीतर तक्त्यात गर्दीच व्हायची.

---

नकाशेवाला

आलंय, पण १९३२ मध्ये. 'डेथ इन द आफ्टरनून'मधल्या 'अ नॅचरल हिस्टरी ऑफ द डेड' या भागात. चौदा वर्षांनी! तुमच्या पहिल्या अडचणीचं उत्तर यातच आहे. दोन रकाने पुरत नाहीत, चार करा: (१) जगात काय घडलं, (२) त्या दिवशी तो नेमका कुठे होता, (३) त्याला ते कळलं कसं: स्वतः पाहिलं, ऐकलं, की वाचलं, (४) छापून कधी आलं. पहिल्या आणि चौथ्या रकान्यातल्या तारखा रेषेने जोडा. काही रेषा चार दिवसांच्या निघतील, काही बारा-चौदा वर्षांच्या. तिसरा रकाना भरताना घाम फुटेल, पण तो टाळलात तर तक्ता पुन्हा होता तसाच होईल.

मापाचंही सांगतो. सगळ्या वर्षांना सारखी जागा दिलीत तर १९१८ आणि १९२२ मध्ये अक्षरं मुंगीएवढी होतील आणि १९०५ रिकामं राहील. दोन्ही बाजूंना २ सें.मी. समास सोडा. १८९९ ते मार्च १९१७ फक्त १२ सें.मी. मध्ये आटपा. एप्रिल १९१७ ते जानेवारी १९२४ हे ८२ महिने, दर महिन्याला ७ मि.मी. दिलेत तर ५७.४ सें.मी. उरलेल्या साडेदहा सें.मी. मध्ये १९२४ ते २९. माप बदलतं तिथे जाड उभी रेघ मारून खाली स्पष्ट लिहा, नाहीतर बघणाऱ्याला वाटेल सगळं १९१७ नंतरच घडलं.

---

जुना_अंक

वरचा प्रतिसाद पटला. मी १९२२ बद्दल लिहितो, कारण तारखांचा खरा चिखल तिथे आहे.

स्मर्नाची आग १३ सप्टेंबर १९२२ ला लागली. हेमिंग्वे 'टोरांटो डेली स्टार'साठी पॅरिसहून निघाला २५ सप्टेंबरला आणि इस्तंबूलला (तेव्हाचं कॉन्स्टँटिनोपल) पोचला महिना संपता संपता. स्मर्नाला तो गेला नाही. 'ऑन द की अ‍ॅट स्मर्ना' ही त्याची छोटी कथा इतकी थेट आहे म्हणून घोटाळा होतो. ती ऐकीव गोष्टींवर बेतलेली, आणि 'इन अवर टाइम' या कथासंग्रहाच्या १९२५ च्या मूळ आवृत्तीत नव्हतीच. १९३० च्या आवृत्तीत प्रस्तावनेच्या जागी घातली. जुनी प्रत हाती आली की लोक 'पान गहाळ आहे' म्हणतात, ते यामुळे.

त्याने स्वतः काय पाहिलं? ११ ऑक्टोबरला मुदान्याची शस्त्रसंधी झाली आणि ग्रीकांना पूर्व थ्रेस सोडावा लागला. एड्रियानोपलला, म्हणजे आजच्या एदिर्नेला, मारित्सा नदीच्या पुलावरून ग्रीक शेतकऱ्यांच्या गाड्या पावसात पश्चिमेकडे चालल्या होत्या. त्याची तारेची बातमी २० ऑक्टोबरची, त्यात मुख्य रांग वीस मैल लांब आहे. सविस्तर लेख टपालाने गेला, तो नोव्हेंबरच्या मध्यावर छापून आला. आणि पुढच्या वसंतात 'लिटल रिव्ह्यू' या नियतकालिकात त्याचंच जे छोटं शब्दचित्र आलं त्यात गाड्या तीस मैल अडकलेल्या! वीसचे तीस झाले, विशेषणं मात्र गळून पडली. बातमी आणि शब्दचित्र तक्त्यावर शेजारी दाखवाच. हेमिंग्वे लेखक म्हणून कसा घडला हे सांगायला याहून नेटका पुरावा नाही. चिखल, पाऊस आणि पाय ओढत चाललेली माणसं इथे पाहिली आणि ती कापोरेत्तोच्या माघारीत वापरली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. नकाशेवाल्यांच्या यादीत ही भर.

तारखांमध्ये हमखास चुकायच्या जागा:

तार आणि टपाल. तारेला शब्दागणिक पैसे, म्हणून ती त्रोटक आणि लगेच छापली जाई. टपालाचा लेख जहाजाने अटलांटिक ओलांडायचा, दोन-तीन आठवडे सहज. नुसत्या अंकाच्या तारखेवरून 'त्या दिवशी तो तिथे होता' असं धरलंत तर तो एकाच दिवशी दोन देशांत सापडेल. लेखाच्या डोक्यावरचं गाव आणि तारीख बघा, अंकाची तारीख चौथ्या रकान्यात टाका.

जुनी दिनदर्शिका. ग्रीसमध्ये फेब्रुवारी १९२३ पर्यंत ज्युलियन दिनदर्शिका होती, तेरा दिवस मागे. युद्धातल्या पराभवाबद्दल अथेन्समध्ये सहा जणांना गोळ्या घातल्या ती तारीख काही पुस्तकांत १५ नोव्हेंबर १९२२ आणि काहींत २८ नोव्हेंबर. दोन्ही एकच. तक्त्यावर सरसकट नवी, म्हणजे २८. हेमिंग्वेच्या शब्दचित्रात ते सहा 'मंत्री' आहेत आणि इस्पितळाच्या भिंतीशी उभे केलेत. खरं तर पाच राजकारणी आणि एक सेनापती, आणि जागा गूदीचं मैदान. एक जण विषमज्वराने आजारी होता हे खरं, ते माजी पंतप्रधान गूनारिस. हेमिंग्वे तेव्हा स्वित्झर्लंडमधल्या लोझानला शांतता परिषदेत होता. तिसऱ्या रकान्यात इथे 'वाचलं' असं लिहा.

मुसोलिनी. मिलानची मुलाखत जून १९२२ ची. रोमवरची चाल २८ ऑक्टोबरची. म्हणजे मुलाखत दिली तेव्हा तो पंतप्रधान नव्हता, फॅसिस्ट पक्षाचा पुढारी आणि वृत्तपत्राचा संपादक होता. लोझानला दुसऱ्यांदा गाठ पडली तेव्हा पंतप्रधान झालेला, आणि जानेवारी १९२३ च्या लेखात हेमिंग्वेने त्याला युरोपातला अव्वल नंबरचा थापाड्या ठरवलं. दोन लेखांच्या मधल्या सात महिन्यांत सूर किती बदललाय ते बघण्यासारखं आहे. दोन्ही नोंदी वेगळ्या ठेवा.

टोपणनाव. 'स्टार'शी करार असताना तो 'जॉन हॅडली' या नावाने दुसऱ्या वृत्तसंस्थेलाही तारा पाठवायचा. 'त्या आठवड्यात त्याने काहीच लिहिलं नाही' असं लिहिण्याआधी हे आठवा. 'कॅन्सस सिटी स्टार'मधल्या बातम्यांवर तर नावंच नसत. तिथल्या 'याच्या' म्हणून दाखवल्या जाणाऱ्या बातम्यांपैकी बऱ्याच अंदाजाने ठरवलेल्या आहेत. तक्त्यावर घेऊ नका.

---

रोकडा_हिशोब

पैशांचा रकाना कुणीच सुचवला नाही? हा माणूस पॅरिसला गेलाच का, हे विनिमय दराशिवाय कळणार नाही.

युद्धाआधी डॉलरला साधारण ५ फ्रँक मिळत. १९२२ च्या सुरुवातीला १२ च्या आसपास. फेब्रुवारी १९२२ मध्ये त्याने 'स्टार'मध्ये लिहिलंच की वर्षाला हजार डॉलरमध्ये माणूस पॅरिसात मजेत राहू शकतो. १९२६ च्या जुलैत फ्रँक इतका घसरला की डॉलरला चाळीसहून जास्त मिळू लागले, मग पंतप्रधान प्वँकारेने तो सावरला. अमेरिकन लेखकांची पॅरिसला एवढी झुंबड का उडाली याला वाङ्मयीन कारणं शोधणाऱ्यांनी आधी हा दर बघावा.

आणि 'पॅरिसमध्ये उपाशी राहून लिहिलं' हे जरा जपून. त्याची बायको हॅडली हिच्या वारशातून वर्षाला दोन-तीन हजार डॉलरच्या आसपास येत होते. कार्दिनाल लमुआन रस्त्यावरचं ७४ नंबरचं घर गैरसोयीचं होतं, संडास जिन्यात होता, पण घरभाडं महिन्याला २५० फ्रँक. गरिबी खरी वाटते ती नंतर, जानेवारी १९२४ ला नोकरी सोडून तान्ह्या मुलासह टोरांटोहून परत आल्यावर.

जर्मनीची एक नोंद हवीच. सप्टेंबर १९२२, स्ट्रासबूर्गहून ऱ्हाईन ओलांडून केलला एका दिवसाची फेरी. दहा फ्रँक, म्हणजे कॅनडाचे नव्वद सेंट दिले आणि ६७० मार्क मिळाले. नवरा-बायकोने दिवसभर हात सैल सोडून खर्च केला, तरी १२० मार्क उरले. हे चलन पुरतं कोसळलं ते १९२३ च्या शरदात. इतिहासाच्या पुस्तकात मार्कच्या घसरणीचा आलेख असतो, इथे दुकानाच्या दारातून दिसते. या नोंदीत चारही रकाने एका महिन्यात भरतात, त्यामुळे नमुना म्हणून हीच आधी करून बघा.

जाता जाता, तुमच्या यादीत दोन दुरुस्त्या. पहिली छापील पुस्तिका १९२३ ची, 'थ्री स्टोरीज अँड टेन पोएम्स', ३०० प्रती. दुसरी १९२४ ची 'इन अवर टाइम', शीर्षकात इंग्रजी कॅपिटल अक्षरं नसलेली, १७० प्रती. १९२५ ची न्यूयॉर्कची 'इन अवर टाइम' वेगळी, कथांसकट. नाव एकच असल्याने हमखास गल्लत होते. आणि 'सन'च्या आधी त्याच वर्षी 'द टॉरेंट्स ऑफ स्प्रिंग' हे विडंबन आलं होतं, म्हणून 'पहिली कादंबरी' ऐवजी 'पहिली मोठी कादंबरी' म्हणा.

---

सातवा_मजला

भारताची एखादी नोंद घालावी का? १९१८ च्या जूनमध्ये फ्लूच्या तापाची साथ मुंबईत आली होती, आणि त्याआधी मार्चमध्ये कॅन्ससच्या फन्स्टन छावणीत ती दिसली होती तेव्हा हेमिंग्वे दोनेकशे किलोमीटरवर होता. छान जुळतंय.

---

जुना_अंक

जुळतंय म्हणून नका घालू. छावणी आणि बातमीदार जवळ होते एवढंच, त्याच्या आयुष्यात त्यातून काही निघत नाही. मुंबईशी तर नाहीच. तारखा जुळवत बसलो तर काहीही कशालाही जुळतं.

भारताचा धागा हवा असेल तर लोझानचा आहे. खिलाफत चळवळीचा सगळा प्रश्न तुर्कस्तानबरोबरच्या तहाचा होता. सेव्हरचा तह मोडून नवा करायला २० नोव्हेंबर १९२२ ला जी परिषद भरली तिचं वार्तांकन हेमिंग्वे करत होता. गांधी तेव्हा पुण्यात येरवड्याच्या तुरुंगात होते, मार्च १९२२ च्या शिक्षेनंतर. लोझानचा तह २४ जुलै १९२३ चा, आणि ३ मार्च १९२४ ला तुर्कस्ताननेच खिलाफत बरखास्त केल्यावर इथल्या चळवळीचा आधारच गेला. ही नोंद पहिल्या रकान्यात शोभेल. हेमिंग्वेला भारताचं काही पडलं होतं असं मात्र सुचवू नका.

---

पानउलट्या

सगळ्यांचे आभार. १९१७-१८ पुन्हा लिहिलं, स्मर्ना खोडलं, मुसोलिनी दोनदा घेतला. केलची नोंद आधी करून पाहिली, चार रकाने बसतात. एक शंका उरली: डिसेंबर १९२२ मध्ये हॅडलीकडून हस्तलिखितांची बॅग गार द ल्यों स्टेशनवर चोरीला गेली, ती कुठे टाकू? जागतिक घटना नाही, पण मोठी आहे.

---

नकाशेवाला

लोझानच्याच ओळीत. हॅडली ती बॅग घेऊन निघाली होती कारण तो परिषदेला अडकला होता. परिषद नसती तर कागद पॅरिसच्या कपाटातच राहिले असते. कार्बन प्रतीही त्याच बॅगेत होत्या, त्यामुळे जवळपास सगळं गेलं. 'माय ओल्ड मॅन' संपादकाकडे गेलेली असल्याने वाचली, 'अप इन मिशिगन' वेगळीकडे पडून असल्याने. चौथ्या रकान्यात तिथे आडवी रेघ मारा आणि तीच रेषा पुढे १९२३ च्या पुस्तिकेला जोडा. त्या तीन कथांमध्ये वाचलेल्या दोन का आहेत हे मग वेगळं सांगावं लागणार नाही.